तिसऱ्या कडाक्याआधी तोडलेले शेंडे

"दोन रात्री म्हणजे तीन नव्हेत," आर्विला म्हणाली.

"ममा, झाडाला काय मोजता येतं का?" टेसाने विचारलं.

"झाडाला येतं. तुला येत नाही."

मी ॲपल-पायची रिकामी थाळी परत द्यायला गेले होते आणि स्टोव्हजवळ अडकले. तीस वर्षं शेजारी राहिल्यावर भांडणात आपल्यासाठी कुणी थांबत नाही. जमिनीवर फर झाडाच्या शेंड्यांचे दोन भारे पडले होते, काठीवर ओवून घट्ट बांधलेले. सगळं स्वयंपाकघर त्या वासाने भरलं होतं. टेसा, म्हणजे आर्विलाची सून, पहाटे एकटीच रानात जाऊन ते तोडून आली होती.

आमच्या चर्चच्या दारावरचं, अशाच शेंड्यांचं नाताळचं हिरवं कडं गेली एकेचाळीस वर्षं आर्विला करते. ऑगस्टमध्ये धक्क्याच्या पायऱ्यांवर घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मूठ पूर्ण मिटेना. तेव्हा चर्चमधल्या बायकांनी टेसाला हळूच सांगितलं, यंदा तू कर. आर्विलाला कुणीच सांगितलं नाही. तिला ते जमिनीवरच्या भाऱ्यांनी सांगितलं.

"काल बादलीतलं पाणी गोठलं होतं की," आर्विलाचा मुलगा डेलमाँट बायकोच्या मदतीला धावला.

"बादलीला पानं नसतात, डेलमाँट. तू कॉफी पी."

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीच्या तीन रात्री रानावरून गेल्याशिवाय शेंडा तोडत नाहीत. त्याआधी तोडला तर पानं धरत नाहीत, गळतात. आर्विला दाराआडच्या कॅलेंडरवर प्रत्येक अशा रात्रीला पेन्सिलने फुली मारते. गावातली माणसं रानात जाण्याआधी तिला फोन करतात. त्या दिवशी फुल्या दोनच होत्या.

"सरळ सांगा ना," टेसा म्हणाली, "कडं मी करायला नको, म्हणून हे चाललंय."

आर्विलाने एका भाऱ्यातली फांदी ओढून काढली आणि स्टोव्हमागच्या खिळ्याला टांगली. "ही बोलेल. मी गप्प बसते."

ती खरोखरच गप्प बसली. तीन दिवस. डेलमाँट मला म्हणाला, ओरडलेली परवडली.

बुधवारी रात्री आकाश निरभ्र होतं आणि खाडीच्या कडेला बर्फ धरला. गुरुवारी सकाळी मी गेले तेव्हा तिसरी फुली मारून झाली होती. स्टोव्हमागच्या फांदीला टेसाने बोट लावलं मात्र, पानं झरझर खाली आली. हातात काडी उरली.

टेसाने झाडू घेतला. "बोला आता. तुमचा हक्क आहे."

"काय बोलू? माझ्या लग्नाच्या वर्षी मीही दोनच रात्रींवर तोडले होते. नाताळच्या प्रार्थनेला दारावर नुसती तार लोंबत होती. सासूबाईंनी सगळ्यांदेखत मला झाडायला लावलं. तू निदान घरात झाडतेयस."

टेसाला हसू आलं. तिने ते लपवलं नाही.

मग दोघी रानात गेल्या. मीही गेले. आर्विला डाव्या हाताने शेंडा धरायची, अंगठा खाली दाबायची, की कट्‌ असा आवाज. कात्री नाही, चाकू नाही. वीतभर लांबीचा, एकसारखा. टेसाला एकदाच दाखवलं. "वाजला तर तयार. नुसता वाकला तर सोडून दे."

घरी येऊन आर्विलाने तारेचं कडं पुढे ओढलं, चार शेंड्यांची जुडी केली, ती कड्यावर ठेवून तार गुंडाळली. जुडी सैल पडली. पुन्हा गुंडाळली. पुन्हा सैल. तार ओढायला मूठ लागते, आणि मूठ नव्हती. डेलमाँट खिडकीबाहेर बघू लागला. मी कॉफीत साखर घातली, जी मी घेत नाही.

टेसा म्हणाली, "मी ओढू?"

आर्विलाने तिच्याकडे पाहिलं नाही. जुडी जागेवर धरली आणि तारेचं टोक तिच्या बाजूला सरकवलं. टेसाने ओढली. जुडी हलली नाही. पुढची जुडी आर्विलाने आधीच्या देठांवर अशी ठेवली की तार दिसेना.

"आणखी ओढ. बोटींचे दोर बांधणाऱ्याची मुलगी ना तू? त्याला लाज आणू नकोस."

"माझ्या वडिलांना मध्ये आणू नका. तुमची जुडी वाकडी आहे."

"वाकडी नाही. भरगच्च आहे. बघायला शीक."

सहा जुड्या झाल्यावर आर्विलाने हात पुसले आणि खोलीत जो जो होता त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "शनिवारपर्यंत हे टेबल कुणी वापरायचं नाही. शेंडे मी लावणार, तार टेसा ओढणार. दारावर रविवारी हेच कडं लागेल, आणि चर्चमधल्या बायकांना ते मी स्वतः सांगणार. माझे दर शनिवारचे बीन्स या खेपेला डेलमाँट शिजवेल."