धानकापणीनंतरची गुरं

रायपूरजवळ, सिलतऱ्याच्या पुढच्या त्या गावात कोबीची पानं दोनदा धुवावी लागतात, कारखान्यांची काजळी रोज बसते. तिथल्या बायकांचा गट बांधून शेणखतावर भाजी पिकवायची आणि रायपूरला विकायची, हे माझं काम. रायपुरातल्या ब्राह्मणपाऱ्यातून मी रोज स्कूटीवर जायची. गटाची पुढारीण माझ्याच वयाची. कारखान्यातली ठेकेदाराकडची मजुरी सोडून ती या भाजीत उतरली होती. भाजी बुडाली तर परत त्याच भट्टीपुढे उभं राहायचं, हे तिनं मला पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितलं होतं.

धान कापून झालं की त्या भागात गुरं मोकळी सोडतात. मग कुणाचंही शेत कुणाच्याही गुरांचं. म्हणून आम्ही गावाची बैठक घेतली आणि यंदा होळीपर्यंत गुरं बांधा म्हटलं. सगळे पुरुष माना डोलावून "हव, हव" म्हणाले आणि आम्ही खुशीत घरी गेलो. पण तिथे कोटवारानं, म्हणजे गावच्या चौकीदारानं, गल्लोगल्ली दवंडी दिल्याशिवाय बैठकीतला शब्द कुणी धरत नाही. कोटवाराला सांगणं पुरुषांचं काम. ते त्यांनी केलं नाही, आणि बायकांना वाटलं, हव म्हटलं म्हणजे झालं. मला तर दवंडीचा पत्ताच नव्हता.

त्याच आठवड्यात एका सकाळी पोचले तर काटेरी कुंपण आडवं आणि आत सगळ्या गावाची गुरं. पालक, टमाटर, फुलकोबी, सगळं खुरांखाली. सगळ्यात पुढे गटाच्या पुढारणीचीच गाय होती. नवऱ्यानं नेहमीसारखी सोडून दिलेली.

तिनं कुंपणातला बांबू उपसला आणि गायीच्या मागच्या पायावर घातला. गाय खाली बसली. नवरा धावत आला. मला वाटलं, गायीकडे जाईल. त्यानं तोच बांबू हिसकावून बायकोच्या पाठीत घातला, मग डोक्यात. पुढचा तडाखा तिनं हातावर घेतला आणि हात कोपराखाली लोंबायला लागला. बांधावर चांगली जाणती माणसं उभी होती. "गाय ला मारिस हे!" एवढंच ओरडत होती. तिनं गायीला मारलं, याचाच त्यांना राग! माझं डोकं फिरलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्यानं बरगडीत लाथ घातली, तेव्हा कुठे बांबू पडला.

घरी बाबा कपाळाला हात लावून बसले. "तू काहून मधात पडली? जीव घेतला असता ना तुया!"

"घेतला असता तर घेतला असता," मी म्हटलं. बोलताना बरगडी ठणकत होती.

मग गावानं बैठक बोलावली, तीही गायीसाठी. गायीचे पाय धरून माफी माग, म्हणाले. हात प्लास्टरमध्ये, डोक्याला टाके, आणि ती खाली वाकली. मला तिचा भयंकर राग आला. उठली ती गायीचं दावं घेऊनच. ते नवऱ्याच्या हातात कोंबून सगळ्यांसमोर म्हणाली, "आता ही सुटली तर तुझा हात मोडीन."

त्यानं गाय बांधली. संध्याकाळी कोटवार दवंडी देत फिरला आणि आम्ही त्याच्या मागे मागे, प्रत्येक गल्लीत.

रोपं पुन्हा लावली. गाय होळीच्या आधीच नीट चालायला लागली. पुढारणीचा उजवा हात अजून सरळ होत नाही, त्याला टोपलीसुद्धा पेलत नाही. कारखाना आता तिला कामावर घेणार नाही. दर हिवाळ्यात भाजी पिकलीच पाहिजे.