रद्दचं बटण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण कितीदा अडखळेन कोण जाणे.

२००३ साली मी पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर होतो. लातूरहून आलेला, सूसला खोली घेऊन राहणारा, स्वतःला फार शहाणा समजणारा. कारखान्यात बनणाऱ्या सुट्या भागांचे जुने कागदी नकाशे स्कॅन करायला भरे गावची संगीता होती. आठ महिने ती एकेक नकाशा हाताने सपाट करून यंत्रावर ठेवत होती. बिघडलेले स्कॅन 'रद्द' नावाच्या फोल्डरमध्ये जायचे. त्यातली एक फाइल निवडून दाबलं, की ते फोल्डर रिकामं होईल असं बटण मी तिला करून दिलं.

अवघड काय होतं त्यात? फाइलच्या पत्त्यात तिरप्या रेघा असतात. शेवटच्या रेघेपाशी तोडलं, की फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते हाती लागतं. मी पहिल्याच रेघेपाशी तोडलं, म्हणजे हाती लागायचं ते सगळ्यात बाहेरचं फोल्डर. माझ्या संगणकावर 'रद्द' एकटंच होतं, त्यामुळे चाललं — आणि मी पुढे तपासलंच नाही. संगीताने मात्र नीटनेटकेपणाने ते 'नकाशे' या मोठ्या फोल्डरच्या आत ठेवलं होतं. तिने बटण दाबलं आणि सगळे नकाशे गेले. कागद? ते स्कॅन झाले की रद्दीत जायचे. दुसरी प्रत ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं — मलाही नाही.

चूक मला पाच मिनिटांत सापडली. साहेबांच्या केबिनमध्ये गेलो तेव्हा मला सगळं माहीत होतं.

"म्या फकस्त रद्दचं बटण दाबलं, साहेब. सरांनी शिकवलं तसंच," संगीता म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायचं होतं हो — शब्द तोंडाशी आले होते. मग बाहेर काय आलं?

"प्रोग्रॅम ठीक आहे."

त्याच दिवशी तिला कामावरून काढलं. प्रोग्रॅममधली ती चुकीची ओळ मी केबिनमध्ये जाण्याआधीच गुपचूप दुरुस्त केली होती. इतकी भित्री माणसं असतात? मी होतो.

डबा घेऊन निघताना ती माझ्या टेबलाशी थांबली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर, तो असता तर बरं झालं असतं.

"माजंच कायतरी चुकलं आसंल, न्हाई का सर?"

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"असेल," म्हणालो.