सहा वाजताची रिकामी मशीन

मंगळवारी संध्याकाळी दुकानात चक्क गिऱ्हाईकासमोर रडलो...

धुळ्यात माझं छोटंसं टेलरिंगचं दुकान आहे. बायको सातव्या महिन्याची ओटी भरून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, एरंडोलला गेलीय. इकडे शाळेच्या गणवेशांचा सीझन, त्यामुळे महिन्यातून जेमतेम एक रविवार जायला मिळतो.

रोज सहाला ती फोन स्पीकरवर टाकून पोटावर ठेवते आणि मी बाळाशी बोलतो. एका व्हिडिओत ऐकलं होतं, बाळाशी शुद्ध बोलावं. म्हणून मी आपला वर्गात उभं केल्यासारखा, 'बाळा, मी तुझा पिता बोलत आहे...' पलीकडे ढिम्म हालचाल नाही. आजीचा, मावशीचा आवाज आला की मात्र लगेच लाथा सुरू!

मी हसण्यावारी न्यायचो, पण आतून फार लागायचं. वाटायचं, हे बाळ मला ओळखणारच नाही की काय...

मंगळवारी फोन चालू असतानाच एक बाई मुलीचा गणवेश घ्यायला आल्या. शेवटची शिलाई राहिली होती. बायकोला म्हणालो, "दोन मिनिटं थांब," फोन बाजूला ठेवला आणि मशीन मारायला लागलो.

तेवढ्यात फोनमधून सासूबाई ओरडल्या, "जवाईबापू, मशीन बंद करू नका! बठ्ठं पोट हाली राह्यनं!"

अख्खं पोट हलत होतं म्हणे! मी थांबलो, तर बाळ थांबलं. पायडल मारलं, तर पुन्हा सुरू... बायको आधी खूप हसली, मग म्हणाली, "अहो, सात महिने तुमच्या शेजारी बसून ब्लाउजला हूक लावले मी. त्याला आपलं घर आठवलं असेल."

गणवेश कधीच शिवून झाला होता. मी सुईतला दोरा काढला आणि नुसतीच मशीन चालवत राहिलो. त्या बाई पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. डोळे पुसायचंही मला सुचलं नाही.

आता सहाला मी भाषण देत नाही. रिकामी मशीन चालवतो आणि बायको पलीकडून सांगते, "लाथ मारली... परत मारली." ते ऐकताना हात नुसते शिवशिवतात.

अजून महिना आहे. बाळा, तू बापाचे पाय ओळखलेस... आता तुझे पाय मला हातात घ्यायचेत. ये लवकर.