आदर्श पती

२०१७ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंतच, पण क्रांती चौकामागच्या गल्लीत संगमरवरावर अक्षरं कोरण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मशीनवाले आले तरी मी छिन्नी सोडली नाही.

‘आदर्श’ हा शब्द मी किती वेळा कोरला असेल! आदर्श शिक्षक, आदर्श सरपंच, आदर्श माता. जित्या माणसाला तो निवडणुकीच्या आधी लागायचा, मेलेल्याला वर्षश्राद्धाच्या आधी. अर्थ मला एका रिटायर गुरुजींनी सांगितला. आदर्श म्हणजे मूळचा आरसा. त्यात बघून आपण नीट व्हायचं. लई आवडलं मला ते. मग गिऱ्हाइकांना मीच सांगायला लागलो.

त्या उन्हाळ्यात गंगापूरकडचा एक जण बापाच्या समाधीचा दगड सांगून गेला. चिठ्ठीत होतं, ‘आदर्श पती, आदर्श पिता’. दगड तयार झाला. न्यायच्या आदल्या दुपारी त्याची आई एकटीच एस्टीनं आली. तिचा डावा हात कोपरात वाकडा, सरळ होत नव्हता.

“दादा, काय लिव्हलंय ते वाचा.”

वाचलं.

“आदर्श म्हंजे?”

मी ऐटीत गुरुजींचा अर्थ सांगितला. त्या माणसाकडं बघून दुसऱ्यानं तसंच व्हायचं.

ती दगडाकडं बघत राहिली. “म्हंजे माझ्या पोरांनी सुनांना तसंच वागवायचं?” तिनं तो हात पुढं केला. “कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडलाय. धाकटा पोटात व्हता. तेवढं पती काढा. बापाचं ऱ्हाऊ द्या, ते पोरांचं पोरं बघतील.”

“कोरलेलं काढत नसतो बाई. दगड खराब दिसतो.”

“तुम्ही वळखत व्हता का त्यांला?”

“नाय.”

“मग लिव्हलं कसं?”

“पोरानं चिठ्ठी दिली.”

“त्यो बापाला भेत व्हता. आजून भेतो.” तिनं पदर सारखा केला. “दगड वावरात बसणार. रोज पाणी घालाया मलाच जायचंय.”

गेली. उन्हातून आलेल्या बाईला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

घरी जेवताना बायकोला म्हणालो, “माझ्या दगडावर काय लिहायचं गं?”

ती भाकरी थापत होती. “तुमीच कोरून ठिवा की. मला कुठं लिहिता येतं?”

वर बघितलं नाही तिनं. मी तिच्यावर कधी हात टाकला नाही, असं इथं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. ते लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडलं, दगड आडवा केला आणि ‘आदर्श पती’ छिन्नीनं तासून काढलं. तिथं वीतभर लांब खड्डा पडला. तिचा पोरगा जीप घेऊन आला. खड्ड्यावर बोट ठेवून म्हणाला, “काका, हे काय झालं?”

“माझा हात घसरला,” मी म्हणालो, आणि दगडाचं एक टोक उचलू लागलो.