घरची जेवल्याशिवाय चूल विझवू नये

केटरवाला जेवणाचं ठरवायला आमच्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत, आला तेव्हा कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मला काय ठाऊक नव्हतं. माझा थोरला मुलगा होता, नवरीचा बाप. त्याची बायको, माझी थोरली सून, खांबाला टेकून बसलेली. नवरी मुलगी आतबाहेर करत होती. धाकटा मुलगा फोंड्याहून मुद्दाम आलेला, कारण केटरवाला त्यानेच शोधलेला. शेजारची माझी चुलत जाऊ आठळ्या सोलत बसलेली. आणि मी.

विचारलं कोणी काय नाही? सगळं विचारलं. धाकट्याने विचारलं, वाढणारे हातमोजे घालतात काय. नवरीने विचारलं, आइस्क्रीम कुठलं कुठलं. थोरल्याने विचारलं, खतखत्याची भाजी घरच्यासारखी होणार ना, आणि मणगण्याची खीर गुळाचीच करायची. केटरवाला मोबाइलवर फोटो दाखवत होता. भाताच्या टोपाला फुलं बांधलेली, सलाडाचा मोर केलेला. सगळे वाकून वाकून बघत होते. मग मी विचारलं, “रे बाबा, घरची माणसां कधी बसतली?”

तो हसला. “आजी, आता बसायचां काय नाय. बुफे आसा. जेका जेवा भूक लागात तेवा तेणी प्लेट उचलायची.”

“ते दिवस गेले आता, आये,” धाकटा म्हणाला.

जाऊ काय गप बसणारी नव्हे. म्हणाली, “बरां झालां, वयनी. म्हणजे आता नवऱ्याच्या आवशीन आधी जेवचां आणि मागीर व्याह्यांक या म्हणायचां.”

नवऱ्याची नव्हे, नवरीची आवस, म्हणजे आई, म्हणायचं होतं तिला, त्यावर सगळे हसले, मीही हसले. आणि त्या हसण्यात माझा प्रश्न वाहून गेला. उत्तर मिळालं असं सगळ्यांना वाटलं. उत्तर मिळालं नव्हतं.

मी का विचारलं ते सांगते. माझा घोव गेला तेव्हा दोन्ही मुलगे लहान. मी डिचोलीच्या बाजूला खाणीवर पाट्या वाहिल्या. दुपारची पेज थंडगार, तिच्यावर लाल धूळ बसलेली. ती बाजूला सारायची आणि प्यायची. खाणीचं काम नसे तेव्हा लोकांच्या लग्नाला नारळ किसायला, टोप घासायला जायची. जेवायला सगळ्यांच्या मागून. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. कारण त्या वेळी गावात रांदपी असायचा, लग्नाचं जेवण रांधणारा. शेवटची पंगत उठली की तो हातात भात वाढायचा डवला घेऊन मागच्या दारात येऊन ओरडायचा, “घरची बसली काय?” आतून कोणी तरी “बसली” म्हणेपर्यंत तो चुलीतलं लाकूड ओढायचा नाही. घरची म्हणजे नवरीचे आईबाप, आणि त्यांच्यासोबत आम्ही टोप घासणाऱ्यासुद्धा. पानावर वाफेचा भात यायचा. परक्याच्या घरात मी कामाला गेले तरी उपाशी परत आले नाही. हे मी पाहिलेलं, म्हणून विचारलं.

लग्न घरच्याच मांडवात झालं. मुहूर्त दुपारचा. कन्यादान करायचं म्हणून मुलगा आणि सून सकाळपासून उपाशी. आमच्यात कन्यादान होईपर्यंत आईबाप जेवत नाहीत. सुनेला साखरेचा आजार. मी तिला म्हटलं होतं, तू दूध घे, देव काय रागावत नाही. ती म्हणाली, “एकाच दिवसाची गोष्ट, आये.” गोळी मात्र सवयीने घेतली.

मंगलाष्टका झाल्या, कन्यादान झालं, आणि माणसं जेवणाकडे वळली. व्याह्यांची माणसं आधी. मग पाहुणे. मुलगा व्याह्यांच्या मागे, आणि मांडवात सून फिरत होती. हा जेवला काय, ती जेवली काय, व्याहीणीने आइस्क्रीम घेतलं काय. दोन वेळा तिने प्लेट उचललेली मी पाहिली. एकदा मये गावची माणसं निघाली, त्यांना कुंकू लावायला गेली. दुसऱ्यांदा व्याहीण ओटीचं विचारायला आली. प्लेट परत ठेवली. पाहुण्यांच्या आधी घास घेणारी बाई आमच्या घरात कोण नाही. कुठल्याच घरात नसावी.

मग मी बघते तर मांडववाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. आणि केटरवाल्याच्या पोरांनी टोपांची झाकणं लावून ते टेंपोत चढवले होते.

सून परसात माडाला धरून उभी होती. कपाळावर घाम. साखर उतरलेली तिची. मी तिच्या तोंडात साखर घातली. एवढ्यात नवरी आली, पाठवणीच्या तयारीत, शालू सावरत.

“आई, तू जेवलीस?”

“जेवलंय गो. तू गाडीत बस. ती माणसां थांबलीत.”

“काय जेवलीस?”

सून म्हणाली, “ताच. खतखतां.”

“खतखतं पोचलंच नाही शेवटच्यांना. काऊंटरवरचं भांडं रिकामं बघितलं मी. आता तू जेवल्याशिवाय मी गाडीत बसत नाही.”

पुढच्या अंगणात व्याह्यांची गाडी चालू करून ठेवलेली. जावई दाराशी. व्याही घड्याळ बघत होते. आणि आमचं झाकायचं काय, तर घरधनीण उपाशी आहे हे. आपल्याच मुलीच्या लग्नात. मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. मी चपला न घालता टेंपोकडे गेले.

“रे बाबा, भात आसा?”

केटरवाला पुढच्या सीटवर बसला होता. म्हणाला, “आजी, टायम झालो. आमची गाडी चोपड्याक जावची आसा. सांजची ऑर्डर आसा थंय.”

“तां मी विचारूक नाय. भात आसा काय?”

“आसा. पण उरला ता आमचां, असां ठरलांहा. तुमच्या झिलाक विचारा.”

धाकटा मागे येऊन उभा होता. त्याने मान खाली घातली. “सगळे तसंच ठरवतात, आये.”

केटरवाला म्हणाला, “आणि काऊंटर उघडोच होतो, आजी. तुमका कोणी अडवलां? कोणीय प्लेट उचलू शकत होतो.”

इतकं साधं बोलला तो. खोटंही नव्हतं. कोणी अडवलं नव्हतं. म्हणून मला जास्त राग आला. मी म्हटलं, “तुझ्या चेडवाचां लगीन होयत तेवा तुझी बायल कधी प्लेट उचलतली? व्याह्यांच्या आधी?”

तो मोबाइल काढून बघायला लागला.

“सांग मरे. लाजतंस कित्याक?”

मी टेंपोच्या पाठीमागे हात घालून टोपाच्या झाकणावर ठेवला. गरम होतं अजून. म्हटलं, “हो भात माझ्या दारातलो. हो माझ्या घरच्यांनी जेवल्याशिवाय खंय जाणां नाय. तू चोपड्याक उशिरा पोच.”

त्याने पोराला खूण केली. टोप खाली आले. भात होता, वरण होतं, खतखतं तळाला. मणगणं नव्हतं, ते पाहुण्यांनी संपवलं, ते बरोबरच. प्लेटी मात्र दुसऱ्या गाडीतून पुढे गेल्या होत्या. जावेने परसातल्या केळीची पानं कापली. खुर्च्या मांडववाल्याने नेलेल्या, म्हणून मागच्या पायरीवर बसवलं मुलाला आणि सुनेला, बाजूला जावेला आणि मागे राबणाऱ्या दोघी बायकांना. मी वाढलं. नवरी शालू गुडघ्यापर्यंत गोळा करून आईच्या शेजारी बसली आणि पहिल्या घासापासून शेवटच्यापर्यंत तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

व्हिडिओवाला कुठून आला कोण जाणे. म्हणतो, “आजी, जरा हसा, बेस्ट शॉट आसा.” तो पाहुण्यांबरोबर पोटभर जेवलेला, ते मी पाहिलेलं. त्याचं पोट मला खुपलं नाही, भुकेल्याने जेवावं. पण त्याला मी म्हटलं, “ह्यां पत्रिकेत छापलेलां नाय रे. बंद कर तां.” त्याने बंद केलं.

मुलगा जेवता जेवता एकदाच बोलला. “आये, आपल्याच दारात मागून खाल्लां.” मी त्याच्या पानावर अजून भात वाढला. मी धुळीची पेज खाल्ली, कोणाकडे मागून नव्हे. माझ्या मुलाला आपल्या मुलीच्या लग्नात भात टेंपोतून उतरवून घ्यावा लागला.

नवरी त्यानंतर उठली. आईचे हात तिनेच तांब्याने धुतले. मग गाडीत बसली.

सून आता बरी आहे. लोक मला सांगतात, झालं गेलं विसर. कसं विसरणार? पुढच्या वर्षी ह्याच गावात अजून कोणाची तरी सून माडाला धरून उभी राहील, आणि केटरवाला म्हणेल, काऊंटर उघडोच होतो. तो लबाड नव्हता. त्याला कोणी विचारलंच नाही, आणि मी विचारलं ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

तेव्हा जो कोण हे वाचील त्याला माझं सांगणं आहे. लग्नाचं जेवण कोणाला दिलंत, मांडव कोणाला दिलात, तर आइस्क्रीम आणि फुलांची कमान नंतर विचारा. आधी त्याला सोप्यावर सगळ्यांसमोर बसवा आणि विचारा, नवरीचे आईबाप जेवेपर्यंत तू थांबणार काय? त्यांचं जेवण आधीच काढून, झाकून ठेवणार काय? त्यांना बसायला पाट, खुर्ची राहणार काय? तो हसला तर तुम्ही हसू नका. परत विचारा. आणि घरात कोणी म्हातारी तेच विचारीत असेल, तर तिला बोलू द्या.