नेहमीचंच का, ताई?

नाशिकला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पूर्वी सायकलचं दुकान होतं. ते बंद पडलं, मग मोबाईलचं आलं, तेही गेलं, आणि शेवटी तिथे कॉफी आणि डोनटचं दुकान उघडलं. बाबा म्हणाले, भोक पाडलेले गुलगुले विकून कुणाचं पोट भरतंय, दिवाळीपर्यंत टिकलं तरी पुष्कळ. दुकान टिकलं. ते टिकवण्यात आमच्या घराचा हातभार मोठा आहे, कारण माझी लग्नं ठरायच्या आधी मोडायची ती तिथेच.

आता पहिली भेट घरी होत नाही. मुलामुलीला आधी बाहेर मोकळेपणानं बोलू द्यायचं, जमलं तर मग मोठ्यांनी पुढे व्हायचं, अशी पद्धत आहे. ऐकायला फार सुधारलेलं वाटतं. प्रत्यक्षात दुकान आईनं निवडलं, वेळ आईनं निवडली आणि टेबलही आईनंच निवडलं. काचेजवळचं. तिथे बसलेलं माणूस रस्त्यावरून अख्खं दिसतं, म्हणजे कॉलनीत कुणाला बोट ठेवायला जागा नको. मी आत बसलेली असायची आणि आई नेमकी त्याच वेळी समोरच्या भाजीवाल्याकडे उभी राहून मेथीच्या जुड्या चाळत असायची. एवढी मेथी आम्ही कधीच खाल्ली नाही.

नियमही तिचेच. थंड कॉफी मागवायची नाही, वरचं क्रीम ओठाला लागतं. डोनट अख्खा मागवायचा नाही, दोघांत एक, मधोमध कापून. आणि आपला अर्धा संपवायचा नाही. थोडा ताटलीत ठेवायचा, नाहीतर मुलगी हावरी दिसते. मी तीस ओलांडलेली बाई, अंबडच्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात काम करते, माझ्या सहीशिवाय तिथून माल बाहेर पडत नाही, आणि मी दालचिनीच्या डोनटचा शेवटचा घास ताटलीत ठेवून उठायची.

माझं काम ऐकलं की समोरचा हमखास विचारायचा, “म्हणजे तुम्ही दिवसभर रिजेक्ट करता?” मग स्वतःच हसायचा. हा विनोद प्रत्येकाला सुचायचा आणि प्रत्येकाला वाटायचं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. एकजण प्रश्न मोबाईलमध्ये लिहून घेऊन आला होता आणि उत्तर ऐकताना पुढचा प्रश्न वाचत होता. एकाची आई मागच्या टेबलावर पाठ करून बसली होती, आणि मी पगार सांगितल्यावर तिची पाठ ताठ झाली. एकानं कॉफी संपेपर्यंत फक्त एवढंच विचारलं की डोनट घरी करता येतात का. मी म्हटलं, नाही. दोन दिवसांनी निरोप आला की मुलीला स्वयंपाकाची आवड दिसत नाही.

त्या दुकानात मला आवडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे काउंटरवरची मुलगी. पंचवटीतून दोन रिक्षा बदलून यायची, डोक्यावर दुकानाची तपकिरी टोपी, बोलणं गोड. मालकानं सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं की गिऱ्हाईक परत आलं की ओळख दाखवायची, त्याला काय लागतं ते लक्षात ठेवायचं. बाकीची पोरं हे ओझं म्हणून करायची, तिनं ते मनापासून घेतलं होतं. आमच्या कंपनीची बस संध्याकाळी त्याच कोपऱ्यावर सोडते. घरी जायच्या आधी मी एकटी तिथे दहा मिनिटं टेकायची. मी दारातून आत आले की ती म्हणायची, “नेहमीचंच का, ताई?” तिथे कपावर गिऱ्हाईकाचं नाव लिहायची पद्धत आहे. माझं नाव ती कधी विचारायची नाही. मी खुर्ची ओढेपर्यंत कपावर नाव लिहून झालेलं असायचं. दिवसभरात मला बघून कुणाला तरी बरं वाटतंय, असं वाटायची ती एकच जागा होती.

मुलं बघायला यायची तेव्हा मात्र ती गप्प असायची, कारण मुलगा काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायचा आणि मी काचेजवळ शोभेला बसलेली असायची. डोनट कापून यायचा, दोन काटे यायचे. तिला सगळं कळत होतं.

मग इगतपुरीचा मुलगा आला.

स्थळ आत्यानं आणलं होतं. माझी आत्या देवळ्याची, घरात कांद्याचा व्यापार, ओळखी सगळ्या तालुक्यांत. मुलगा रेल्वेत होता, आईसोबत इगतपुरीला राहायचा, आणि त्याची लग्न झालेली बहीण आमच्या मागच्याच कॉलनीत दिलेली. श्रावण होता. नाशिकला लख्ख ऊन पडलेलं आणि हा दमट जॅकेट घालून आला. “माफ करा,” म्हणाला, “आमच्याकडे जूनपासून काही वाळलेलंच नाही. आम्ही सगळे ओलसर कपड्यांतच मोठे झालो.” मी हसले. नियमात हसणं बसत होतं की नाही, ते मला आठवेना.

मी काचेकडे वळले तर तो म्हणाला, “बसताय कुठे? चला की, दोघं मिळून बघू काय काय आहे.” असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. आम्ही दोघं काउंटरपाशी गेलो. मला तिथे उभी बघून त्या मुलीचा चेहरा उजळला. तिला वाटलं असेल की आज ताई खुशीत आहेत. ती म्हणाली, “नेहमीचंच का, ताई? कापून, दोन काटे?”

टेबलावर बसल्यावर त्यानं विचारलं, “नेहमीचंच म्हणजे?”

खोटं बोलता आलं असतं. मैत्रिणीबरोबर येते म्हटलं असतं तर चाललं असतं. पण त्या ओलसर जॅकेटवर माझा विश्वास बसला होता. मी म्हटलं, “मला बघायला सगळे इथेच येतात. तिला पाठ झालंय.”

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वळवली. “मग मी कितवा?”

“मोजायचं सोडून दिलंय.”

“माझंही तेच आहे हो,” तो म्हणाला. “मी पण इतक्या मुली पाहिल्यात की आता मामा फोटो दाखवतो तेव्हा विचारावं लागतं, ही पाहिली की राहिली.” मग आम्ही दोघं आपापले किस्से सांगत बसलो. मी त्याला पाठ ताठ झालेल्या आईची गोष्ट सांगितली. त्यानं मला एका मुलीची गोष्ट सांगितली, जिनं पहिलाच प्रश्न विचारला होता की इगतपुरीत सलून आहे का. मी माझा अर्धा डोनट संपवला, ताटलीत काही ठेवलं नाही. त्यानं ते पाहिलं, उठला आणि आणखी एक अख्खा घेऊन आला. म्हणाला, “हा दालचिनीचा भारीच आहे. आमच्या गावात असलं काही मिळत नाही.” बाहेर आई मेथी हातात धरून नुसती बघत राहिली होती.

मला तो आवडला. हे लिहितानाही मला माझाच राग येतो, पण आवडला. घरी आल्यावर मी आईला म्हटलं, “मला चालेल.” हे शब्द माझ्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकले. तिनं देवापुढे साखर ठेवली. बाबांनी दोनदा टीव्हीचा आवाज कमी केला आणि दोनदा वाढवला. रात्री मी पलंगावर पडून इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कपडे कुठे वाळत घालायचे याचा विचार करत होते. पंख्याखाली दोरी बांधायची, असं मी ठरवलंही.

निरोप आठवड्यानं आला. आत्याचा फोन, आईनं स्पीकरवर टाकला, कारण तिला वाटलं चांगलं काही सगळ्यांनीच ऐकावं.

“वहिनी, ते नाय म्हणतात हो,” आत्या म्हणाली.

“का पण? मुलगा तर किती छान बोलत बसला होता.”

“पोरगा काय बोलत नाय. त्याची आई म्हणती, पोरीनं लय पोरं पाहिली. त्या दुकानातली पोरगीसुद्धा वळखती म्हणे तिला. नेहमीचंच का, असं इचारती. चांगल्या घरची पोरगी अशी ऱ्हाती का, म्हणती.”

त्याची आई त्या दुकानात कधी आलेली नव्हती. बहीणही त्या दिवशी तिथे नव्हती. ते वाक्य बोलणारी काउंटरच्या पलीकडे होती आणि ऐकणारे आम्ही दोघं अलीकडे. मग ते इगतपुरीच्या स्वयंपाकघरात कुणी नेलं, हे सांगायला क्वालिटीतल्या माणसाची गरज नव्हती. त्यानं ते गंमत म्हणून सांगितलं असेल, जेवताना, हसत हसत. आणि आई हसली नाही म्हटल्यावर गप्प बसला असेल. स्वतःच्या पाहून झालेल्या मुलींबद्दल तिथे अवाक्षर निघालं नसणार. मला नकाराचं एवढं वाटलं नाही, नकार मला नवे नव्हते. माझं हसणं तो घरी घेऊन गेला आणि तिथे ते पुरावा म्हणून ठेवलं गेलं, याची चीड आली. अजून येते.

आईचा राग मात्र भलत्याच दिशेनं गेला. त्याच संध्याकाळी तिनं चप्पल घातली आणि मला घेऊन दुकानात गेली. मी दारातच थांबले. आत चार गिऱ्हाइकं होती आणि आईचा आवाज काही लहान नाही. “माझ्या मुलीला ओळख दाखवायची नाही,” ती म्हणाली. “तुझ्या त्या नेहमीचं-नेहमीचंनं तिचं ठरलेलं लग्न मोडलं. येईल ती, पैसे देईल, जाईल. तुला काय करायचंय ती कुणाबरोबर येते ते?”

लग्न ठरलेलं नव्हतं. पण ते सांगायला मी पुढे झाले नाही.

त्या मुलीनं टोपी काढून हातात धरली होती. “सॉरी काकू,” ती म्हणाली. “मला वाटलं ताईंना बरं वाटेल.”

आईला तेवढंही पुरलं नाही. दुकान बदलायचं तिनं ठरवलं. कॉलेज रोडवर कुठेतरी बरं दिसेल, म्हणाली, तिथे आपल्याला कोण ओळखतंय. मी सांगून टाकलं की आता मी कुणालाही भेटणार नाही. भांडण झालं, अबोला झाला, मग घर नेहमीसारखं चालू झालं. मीही काही महिने बसमधून उतरून सरळ घरी जात राहिले. दुकानावरून जाताना मान खाली घालायची, जणू मीच तिथून काही उचललं होतं.

तुळशीचं लग्न झालं आणि कॉलनीत पत्रिका फिरायला लागल्या. कंपनीतल्या एका मैत्रिणीची हळद होती, मी शनिवारी अर्ध्या दिवसानं निघाले, आणि कोपऱ्यावर उतरल्यावर एकदम वाटलं, का म्हणून? दुकान काय त्याच्या बापाचं आहे? मला कॉफी प्यायची आहे, मी पिणार. मी दार ढकलून आत गेले.

काउंटरपाशी तो उभा होता. जॅकेट या वेळी कोरडं होतं. शेजारी एक मुलगी, नवा कुर्ता, ओढणी सारखी सावरत होती. त्यानं तिलाही टेबलाशी बसवलं नव्हतं, दोघं मिळून बघायला घेऊन आला होता. मी त्यांच्या मागे रांगेत उभी राहिले, कारण परत फिरले असते तर पुन्हा कधी आत आले नसते.

काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि मालकानं शिकवल्याप्रमाणे हसून म्हणाली, “नेहमीचंच का, दादा? दालचिनीचा, कापून?”

तो हसला. अगदी तसाच, मोकळा. आणि शेजारची ती मुलगीही हसली, त्याच्याकडे कौतुकानं बघत. “अरे वा,” म्हणाली, “इथे ओळखतात तुम्हाला!”

“हो, बहीण इथेच मागे राहते ना. आलो की येतो,” तो म्हणाला. तिनं मान डोलावली. तिच्या घरी हे सांगितलं जाईल आणि तिची आई म्हणेल, मुलगा माणसं जोडणारा आहे. साखर ठेवली जाईल. मुलानं लय पोरी पाहिल्या असं म्हणायला कुणाची आत्या फोन करणार नाही.

ट्रे घेऊन वळताना त्यानं मला पाहिलं. ओळख दाखवावी की नाही, हे ठरवायला त्याला क्षणभर लागलं. मग त्यानं भिंतीवरच्या मेनूकडे बघितलं, जणू काही मागवायचं राहिलं होतं, आणि तिला घेऊन काचेजवळच्या टेबलाकडे गेला.

माझी पाळी आली. मी त्या मुलीकडे बघितलं. मला वाटलं, ती काहीतरी म्हणेल. निदान इतक्या दिवसांनी, एवढं तरी. तिनं माझ्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, टोपी सारखी केली आणि नजर खाली वळवली.

“काय देऊ, मॅडम?”

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. गरम कॉफी, साखर कमी, दालचिनीचा डोनट एक, कापायचा नाही. तिनं मान हलवली आणि कप उचलून पेन हातात घेतलं.

“नाव काय लिहू?”

मी नाव सांगितलं, आणि तिनं ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं सावकाश लिहून घेतलं.