दहा नंबरचा पाना

हँगरमध्ये त्यांना सगळे मोजणीमामा म्हणत. तीस वर्षं विमानांची इंजिनं उघडायची, दुरुस्त करायची आणि शेवटी हत्यारं मोजायची, हा मामांचा शिरस्ता. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची लाल आकृती रंगवलेली होती. बेचाळीस हत्यारं जागेवर आल्याशिवाय विमान बाहेर जात नसे. कुणी न विचारता साध्या पकडीला हात लावला, तरी मामा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. अनुभवी वैमानिकही त्या फळ्यापासून चार हात लांब चालत.

त्या सकाळी दोन इंजिनांचं छोटं टपालविमान घेऊन एक तरुण वैमानिक निघाली. मामा तिला लाडाने कप्तान म्हणत. उड्डाण होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच डावं इंजिन बंद पडलं. उजव्याला एकट्याने भार पेलेना आणि विमान कोबीच्या शेतात आपटलं. दोन्ही पंखांचा चुराडा झाला. विमानात तीच एकटी होती. तासाभराने इस्पितळातून फोन आला, "हात मोडलाय, पण बोलतेय. जरा जास्तच बोलतेय!"

हँगरमध्ये लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. मामांनी डोळे पुसले, सवयीने फळ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. दहा नंबरच्या पान्याची जागा रिकामी होती.

आदल्या संध्याकाळी डावं इंजिन दुरुस्त करून त्यांनीच बंद केलं होतं. बेचाळीस म्हटलेलं आठवत होतं, पण खरंच मोजली होती, की नुसतंच तोंडातून निघालं? पाना आत राहिला असेल, तर पोरीला आपणच खाली पाडलं. मामा थेट इस्पितळात गेले.

"कप्तान," ते खाटेशी हात जोडून म्हणाले, "माझा दहा नंबरचा पाना तुझ्या इंजिनात राहिला गं."

तिचा चेहरा पडला. तिने चांगला हात उशीखाली घातला आणि पाना काढला. "मामा, रागावू नका हं. सकाळी माझी सीट हलत होती. तुम्ही चहाला गेला होतात, म्हणून न विचारता घेतला. खिशातच राहिला. विमान पडत होतं ना, तेव्हा मी पाना घट्ट धरला होता. म्हटलं, वाचले आणि हा हरवला, तर मामा काही जिवंत सोडत नाहीत!"

मामा खाली बसले. मग असे बरसले, की शेजारच्या खोलीतली परिचारिका धावत आली. "न विचारता? तीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नाही!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाचा पट्टा चालू होता. कप्तान पोट धरून हसत होती आणि हात दुखला की "आई गं" म्हणत होती.

आठवड्याने तपासनिसांनी सांगितलं, की इंधनाच्या पंपाचा दांडा मुळातच सदोष होता आणि तो तुटला. पण मामांनी अपघाताच्या दिवशीच इस्पितळातून परत येऊन पाना जागेवर अडकवला होता आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायला सुरुवात केली होती. बेचाळीसवर ते थांबले नाहीत. "आणि आमची कप्तान," ते म्हणाले, "त्रेचाळीस."